टिंब तोंडानं, टिंब बोटानं

मी एक जुना पूर्णविराम आहे. हसू नका मित्रांनो, खरंच सांगतोय! वहीत पेनाने टेकवलेला मी नव्हे. मी पोलादाचा आहे. आळेफाट्याला सोमाजी सरांच्या टायपिंग क्लासमध्ये एक इंग्रजी टाइपरायटर होता, त्याच्या सगळ्यात खालच्या रांगेत उजवीकडे माझं बटण आहे. त्यावर बोट पडलं, की माझा लांब हात उठतो, रिबनवर आपटतो आणि कागदावर एक काळं टिंब उमटतं. बस्स, एवढंच माझं काम. पण या एवढ्याशा कामापायी मला जे धक्के बसलेत ना, ते अख्ख्या यंत्रात दुसऱ्या कुणाला बसले नसतील.

पहिला धक्का जन्मतःच बसला. कारखान्यात माझ्या भावंडांना काय काय रूपं मिळाली! डब्ल्यूला झोकदार पाय, 'ओ'ला गोल पोट, क्यूला चक्क शेपूट. मी आपला वाट बघतोय, आता मला काय मिळतंय. माझी पाळी आली, आणि मिळाला नुसता एक दाणा! मोहरीएवढा! मला तर रडूच आलं.

पण क्लासमध्ये आलो आणि चित्रच पालटलं. ते १९९२ साल होतं. सरांनी नव्या यंत्रात कागद घातला, एक वाक्य टाइप केलं आणि मला शेवटी टेकवून कागद खिडकीकडे धरला. "बघा पोरींनो, कसं मोत्यावानी पडलंय! हे बारकं दिसतं, पण हे नसलं तर वाचणाराचा दम कोंडतो." मी इतका फुगलो, की 'ओ'एवढा होतो की काय असं वाटलं.

माझ्या शेजारी कॉमा राहतो. तो वाचणाऱ्याला जरासं थांबवतो, मी पुरतं थांबवतो. आम्ही दोघंही आधीच्या शब्दाला चिकटून बसतो. मग कॉमापुढे एक जागा मोकळी आणि माझ्यापुढे दोन जागा मोकळ्या, हा टायपिंगचा नियम. कुणी शब्द आणि टिंब यांच्यामध्येच जागा सोडली, की सर ओरडायचे, "नवरा-नवरीच्या मधी पावणा बसवला का गं?" सगळा क्लास खिदळायचा. आणि एक गंमत सांगू? आमच्या यंत्रावर उद्गारचिन्हाचं बटणच नव्हतं. आधी अपॉस्ट्रॉफीची वरची उभी रेघ मारायची, एक घर मागे यायचं आणि त्याच्याखाली मला मारायचं. म्हणजे लोकांना धक्का बसला, तरी खाली मीच लागायचो!

असे सुखाचे दिवस चालले होते. आणि मग १९९८ च्या सुरुवातीला एका सकाळी सरांनी रोलर काढून उजेडात धरला. रोलर म्हणजे ज्याच्यावर कागद गुंडाळतात तो काळा रबरी दांडा. त्याच्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डेच खड्डे पडले होते. सगळे माझे! ए, बी, सी यांचा मार पसरतो, माझा सगळा मार एका जागी बसतो. त्यात आमच्या मुली शेतातल्या, कांदे काढणाऱ्या, धारा काढणाऱ्या. त्यांची बोटं म्हणजे हातोडे.

"रोलर काय झाडाला लागतो का?" सर कळवळून म्हणाले. "आजपासून नियम. सरावाला टिंब तोंडानं, परीक्षेला बोटानं! टिंबाची वेळ आली की तोंडानं म्हणायचं 'टिंब', अन् त्याची जागा स्पेसबारनं मोकळी सोडायची. कॉमाचं बी तसंच."

मित्रांनो, मी हादरलो. बटण असून सुट्टी! दुसऱ्या दिवसापासून क्लासमध्ये कडकडाट चालायचा आणि मधूनच मुलींचा आवाज यायचा, "टिंब! कॉमा! टिंब!" खाली ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं. तिथली गिऱ्हाइकं वर बघून विचारायची, "वर शाळा हाय का भजनी मंडळ?" मी मात्र गप्प पडून. माझ्या हाताच्या सांध्यात धूळ बसली, रिबनची काजळी बसली, तेल वाळून चिकट झालं. कुणी पाहिलंसुद्धा नाही.

त्याच वर्षी माझ्या यंत्रावर उज्ज्वला बसायला लागली. ती आणे पठारावरून एसटीने यायची. बारावी झालेली, उंच, आणि बोटं अशी वेगवान, की सरसुद्धा घड्याळ विसरून बघत राहायचे. तिच्या गावच्या दूध संस्थेला टायपिस्ट हवी होती. संस्थेचे सचिव हौशीराम भाऊ तिला म्हणाले होते, "दिवाळीच्या आत टायपिंगचं सर्टिफिकेट आण पोरी, खुर्ची तुझी. नाय आणलं तर बाहेरचा मानूस घेतो." त्यामुळे तिला एकच संधी होती. तिची आई ठकूबाई एकदा तिच्याबरोबर क्लास बघायला आली. लेकीचा कडकडाट ऐकून तिने कानाला पदर लावला. "अगं, लई जोरात! म्हशीच्या सडाला जखम असली की कशी धार काढतीस? हात हलका ठेव. तुझ्या हाताचं त्याला बी कळत आसंल." उज्ज्वला हसली. आईचं बोलणं तिने कुठे मनावर घ्यायचं!

त्या नियमानंतरची पहिलीच परीक्षा मंचरला होती. तेव्हा आपापलं यंत्र घेऊन जायची पद्धत होती. सरांनी एक पिकअप ठरवली. पुढे टोमॅटोचे कॅरेट, मागे आम्ही पोत्यांत गुंडाळलेली यंत्रं, आणि आमच्यावर हात ठेवून बसलेल्या मुली. सगळ्या वाटेने सर बजावत होते, "ध्यानात हाय ना? आज बोटानं!" मुली ओरडायच्या, "हो सर!" मला तर आनंदाने घाम फुटला. आज माझा दिवस!

घंटा झाली. कडकडाट सुरू. पहिलं वाक्य संपत आलं. मी श्वास रोखून तयार... आणि उज्ज्वला मोठ्याने म्हणाली,

"टिंब!"

आणि तिचा अंगठा स्पेसबारवर पडला! मी जागच्या जागी. तेवढ्यात पलीकडून तिची मैत्रीण भागू, "टिंब!" मग मागून कुणी, मग कोपऱ्यातून कुणी. तळ्याकाठी बेडूक ओरडावेत तशी आमच्या क्लासची मुलगी न् मुलगी, "टिंब! कॉमा! टिंब!" बाकीच्या गावांची मुलं टाइप करायची थांबून बघायला लागली. पर्यवेक्षक बाई इतक्या दचकल्या, की त्यांच्या हातातली घंटा खाली पडली.

"काय चाललंय हे? परीक्षा आहे की लिलाव? पुन्हा आवाज आला तर पेपर काढून घेईन!"

मुली चिडीचूप. पण मित्रांनो, पुढचं ऐका. तोंडं बंद झाली, सवय बंद झाली नाही. वाक्य संपलं की ओठ नुसते हलायचे आणि अंगठा जागा सोडून पुढे जायचा. मी आतून ओरडत होतो, "अगं मी! मी! मला मार!" पण लोखंडाचा आवाज कुणाला ऐकू जातो?

उज्ज्वलाने उतारा वेळेआधीच संपवला. मान वर करून कागद पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पानभर शब्द, आणि जिथे थांबायचं तिथे पांढऱ्या फटी. एकही टिंब नाही. एकही कॉमा नाही. वाचणाऱ्याचा दम कोंडावा तसा तिचाच कोंडला.

"अगं आई!" एवढंच पुटपुटली. मग तिने रोलर उलटा फिरवून कागद खाली ओढला. पहिली फट शोधली. लहान फट असेल तिथे कॉमा आणि मोठी असेल तिथे मी, हे तिला दिसत होतं. कॉमा चिकट झाला होता, पण उठला. मग तिने माझं बटण दाबलं. मी उठलो... आणि अर्ध्यातच अडकलो! कित्येक महिन्यांचं वाळलेलं तेल! लाजेने मी मेलो. तिने मला बोटाने मागे लोटलं आणि दुसऱ्यांदा सगळा जोर लावून मारलं.

भस्सकन कागदाला भोक पडलं!

भोकातून मला रोलर दिसत होता. उज्ज्वलाचे डोळे भरले. बाई घड्याळाकडे बघत होत्या. मग तिने हात मांडीवर ठेवला, एक श्वास घेतला आणि पुढच्या फटीला बोट असं टेकवलं, जणू माझ्या बटणालाच जखम झालीय. हलकं, अगदी हलकं. मी सरसर उठलो आणि मोत्यासारखा उमटलो.

मग काय! टिंब. कॉमा. टिंब. ती फटी भरत खाली खाली येत होती. आता शेवटची एकच फट उरली, उताऱ्याच्या अगदी टोकाची. तिचं बोट माझ्यावर आलं, आणि घंटा झाली. बाईंनी कागद ओढून घेतला. तो पूर्णविराम राहिला तो राहिलाच.

परतताना पिकअपमध्ये भागू हुंदके देत होती, "माझ्या पेपरात तर एक बी नाय!"

"पण मी सांगितलं व्हतं ना, परीक्षेला बोटानं!" सर कासावीस होऊन म्हणाले.

"सर," उज्ज्वला हळूच म्हणाली, "आमाला सांगितलं व्हतं. बोटाला कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः ब्रश आणि रॉकेल घेऊन माझा सांधा साफ केला. "मारा पोरींनो," म्हणाले, "रोलर गेला खड्ड्यात."

दिवाळीच्या आधी निकाल लागला. उज्ज्वला काठावर पास! बाकीच्या मुली पुन्हा बसल्या आणि मग सुटल्या. दूध संस्थेतली खुर्ची उज्ज्वलाला मिळाली.

पुढे कॉम्प्युटर आले, आणि आमच्यावर पोती पडली. मोबाइलही आले. २००७ साली क्लास बंद व्हायच्या सुमाराला सरांची नात तेजस्विनी तिचा एसएमएस आजोबांना वाचून दाखवत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही थांबा नाही! सर म्हणाले, "टिंब कुठंय गं?" ती म्हणाली, "आजोबा, आता कुणी नाय लावत!" पोत्याखाली मला झीट यायची बाकी राहिली. मित्रांनो, निदान तुम्ही तरी असं करू नका. अर्ज लिहा, पत्र लिहा, मैत्रिणीला दोन ओळी लिहा, पण वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा द्या. परीक्षेपुरतं लावू म्हणाल तर ऐनवेळी बोट ऐकत नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच आठवड्यात भंगारवाला यायचा होता. त्याच्या आधी एक बाई जिना चढून वर आल्या. अंगावर दूध संस्थेच्या गणवेशाची साडी, हातात संस्थेचेच पेढे. उज्ज्वला! सर लगबगीने उठले, पण तिने आधी माझ्यावरचं पोतं काढलं. एक कोरा कागद घातला आणि मंचरच्या उताऱ्याची शेवटची ओळ जशीच्या तशी टाइप केली. टोकाला येऊन थांबली.

"सर, तेवढं एक राहिलं व्हतं," ती म्हणाली.

सरांनी चष्मा पुसला. ते दोघं एकदमच मोठ्याने म्हणाले, "टिंब!"

आणि तिने मला हलकेच मारलं.