चादरीमागची टकटक

हातात कढत चहा आहे, खोटं बोलले तर जीभ भाजेल माझी. पुढचा शब्द न् शब्द खरा आहे.

ऑनलाइन परीक्षेवर नजर ठेवणारी बाई लॅपटॉपमधून म्हणाली, खोली फिरवून दाखवा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या गड्यानं लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांत धरला न् शेगडी दाखवली, कपाट दाखवलं, दोरीवर वाळत घातलेली चादर दाखवली. चादरीमागे पलंग होता. पलंगावर बायको, श्वास रोखून. परीक्षेला खोलीत दुसरं कुणी नको, असा नियम. न् घर म्हणजे तेवढी एकच खोली. कमरेखाली लुळी पडलेली बाई जाणार कुठे?

"आणखी कुणी आहे का?"

"कुणी नाही," तो म्हणाला. कान लालबुंद.

बावीस वर्षं तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरत होता. कुठे लिफ्ट अडकली की हा अडकला, मग घरी कधी जाईल त्याचा नेम नाही. तोवर ती एकटी, छताकडे बघत. सुपरवायझर झाला तर टेबल मिळणार होतं न् सहाला सुट्टी. पण त्याला कॉलेजचे तीन क्रेडिट, म्हणजे एका कोर्सचे गुण, कमी पडत होते. ऑफिसनं सांगितलं, ऑनलाइन कोर्स कर, कामाच्या जागेची सुरक्षितता. आपल्या सवडीनं शिकायचं असतं. हा म्हणाला, सवड म्हणजे काय ते आधी शिकवा.

मग बायकोनंच त्याला शिकवायला घेतलं. रोज सकाळी ड्यूटीआधी एक धडा. तो वाचायचा न् स्क्रीन मिटून तिला समजावून सांगायचा. तिला नाही कळलं तर त्यालाही नाही कळलं, हा तिचा कायदा. सरावाचा प्रश्न आला की ती खालचे पर्याय तळहातानं झाकायची. "आधी तोंडानं उत्तर द्या, साहेब, मग हात काढते. चार पर्याय दिसले की बावरता तुम्ही." अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जायचं, शेवटी परत यायचं, हेही तिनंच शिकवलं.

त्याची खोड एकच. प्रश्नातलं 'करू नये' त्याच्या तोंडून जायचं, डोक्यात शिरायचं नाही. इमारतीत धूर झाल्यास काय करू नये, असं विचारलं की हा खुशाल 'जिन्यानं उतरावं'वर बोट ठेवणार. तेव्हा ती पलंगाच्या लोखंडी दांड्यावर चमचा मारायची. टक. एकदाच. आवाज असा की खालच्या मजल्यावरचा ठार बहिरा म्हातारा ताडकन उठून बसायचा. टक झालं की यानं पहिल्या शब्दापासून परत वाचायचं.

तर त्या दिवशी, एकतिसावा प्रश्न. सवयीनं पुटपुटला, "अडकलेल्या माणसाला काय सांगू नये... धीर धरा." न् चादरीमागून टक.

बाईनं विचारलं, आवाज कसला? हा म्हणाला, उंदीर. ती म्हणाली, चादर बाजूला करा.

परीक्षा रद्द. तीन महिन्यांनी आणखी एक संधी, न् तीच शेवटची.

दिवसभर बायको भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी म्हणाली, "मुद्दाम नाही हो केलं. हात गेला."

"बरोबरच गेला," तो म्हणाला. "चुकतच होतो मी."

नवी तारीख तिनंच मोबाइलवरून घेतली. शेजारणीशी ठरवूनही टाकलं, परीक्षेपुरतं चौघांनी मिळून आपल्याला उचलून तिकडे ठेवायचं. "तारीख मी घेतलीय. मोडलीत तर बघा."

त्या तारखेला एकोणीस दिवस असताना ताप छातीत उतरला न् ती गेली. चौघं आले, उचललंही. शेजारणीकडे नाही नेलं.

लोक म्हणाले, आता कशाला परीक्षा, लवकर घरी येऊन करणार काय? त्यानं तारखेला दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला न् परीक्षेला बसला. बाईही तीच निघाली. म्हणाली, आधी चादरीमागचं दाखवा. चादर नव्हतीच. त्यानं पलंग दाखवला. गादी गुंडाळलेली, दांड्याला दोऱ्यानं बांधलेला चमचा.

"आणखी कुणी आहे का?"

"कुणी नाही."

या वेळी कान लाल झाले नाहीत.

सव्विसावा प्रश्न, तेल पेटल्यास काय करू नये. त्यानं 'झाकण ठेवावं'वर बोट नेलं न् दांड्यावरचा चमचा वाजला. आपोआप. टक. बाईनं ऐकलं, तोंड उघडलं, परत मिटलं. त्यानं पहिल्या शब्दापासून वाचलं न् बोट 'पाणी ओतावं'वर सरकवलं. पास झाला. आता टेबल आहे. सहाला सुटतो, साडेसहाला कुलूप उघडतो.

चहा गार झाला. आता जीभ भाजायची भीती नाही, म्हणून सांगते. चमचा वाजला नव्हता. तेवढं मी पदरचं घातलं. बोट चुकीच्या उत्तरावर होतं न् तो वाट बघत थांबला होता. चार मिनिटं गेली. बाईनं दोनदा विचारलं, काही अडचण आहे का. मग त्यानंच टेबलावर नखानं एकदा वाजवलं न् पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं.