भुयारातला वारा

"हलत नाहीये," शरयू म्हणाली. "तुम्ही इकडं येऊन बघा. जरासुद्धा हलत नाहीये."

मागच्या खोलीतल्या झरोक्याची झडप उघडून तिने चौकटीला मलमलीची चिंधी बांधली होती. दर अक्षय्य तृतीयेला ही झडप उघडायची, हा घरचा रिवाज. झडप उघडली की चिंधी आधी थरथरायची आणि मग खोलीच्या दिशेने आडवी होऊन फडफडायला लागायची. आज ती वाळत घातलेल्या पोतेऱ्यासारखी लोंबत होती.

तिचा नवरा गोविंद दारातच उभा राहिला. आत यायचं त्याच्या मनात दिसत नव्हतं.

"बाहेर हवा बंद असेल. संध्याकाळी चालेल."

"हवा बंद? बाहेर उन्हाची लू चालून राहिली आहे! आणि बाहेरच्या हवेचा संबंध काय? वरचं धुरांडं तापलं की खालची हवा आपसूक ओढली जाते. हे मामंजींनी मला सतरा वेळा सांगितलंय, तुम्ही तर त्यांचे चिरंजीव."

मामंजी, म्हणजे सदाशिवराव, समोरच्याच खाटेवर पडले होते. दिवाळीत त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं, तेव्हापासून उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेलेली. त्यांनी चिंधीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातलं हे घर सदाशिवरावांनी स्वतः बांधलेलं. दरबारच्या बांधकाम खात्यात ते ओव्हरसियर होते. ऐन तारुण्यात किल्ल्यावरच्या जुन्या महालांच्या तळघरांत शिरून, भिंतींना गाल लावून त्यांनी हवा कुठून येते ते शोधलं होतं, आणि तेच आपल्या घरात उतरवलं. परसातल्या विहिरीच्या आत, पाण्याच्या वर, बाजूला एक तोंड ठेवलं. तिथून अंगणाखालून विटांचं भुयार काढलं, माणूस रांगत जाऊन साफ करील एवढं, आणि ते मागच्या खोलीतल्या झरोक्यापर्यंत आणलं. समोरच्या भिंतीतून गच्चीवर धुरांडं काढलं. उन्हाळ्यात त्या झरोक्यातून गार हवा यायची आणि हिवाळ्यात, ग्वाल्हेरच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, तीच हवा ऊबदार वाटायची. ना वीज, ना यंत्र.

शरयू साताऱ्याकडची. संस्थान विलीन झालं त्या वर्षी लग्न होऊन इथे आली आणि पहिल्याच मे महिन्यात उन्हाने तिला घेरी आली. सासूबाई केव्हाच वारलेल्या. माहेरी परत पाठवा, असं सगळे म्हणत होते. सदाशिवरावांनी झडप उघडली, झरोक्यापुढे पाट मांडला आणि म्हणाले, "सूनबाई, इथं बसा. या घरात पहिला वारा सुनेचा." तिने विचारलं होतं, एवढ्या तापलेल्या गावात ही हवा गार राहते कशी? "जमीन आहे ती," ते म्हणाले. "वरून कितीही भाजली तरी आतून डोकं थंड ठेवते. माणसांना नाही जमत." तेव्हापासून दरवर्षी झडप उघडली की आधी तिने पाटावर बसायचं आणि मग बाकीच्यांनी खोलीत यायचं. सख्ख्या बापाने केलं नसतं एवढं कौतुक त्या माणसाने केलं होतं.

शरयूने भुयार साफ करायचा लांब बांबू आत घातला. मध्येच कुठेतरी तो खट्कन अडला.

"ढासळलंय वाटतं," ती म्हणाली. "रामसनेही मिस्त्रीला बोलावते."

"त्याला कशाला?" गोविंद एकदम म्हणाला. "मी बघतो ना. सुट्टीच्या दिवशी बघतो."

गोविंदची सुट्टी शरयूला ठाऊक होती. तिने शेजारच्या मोलकरणीबरोबर निरोप धाडला आणि तासाभरात रामसनेही आला. अंगणातली नवी भिंत यानेच होळीच्या दिवसांत बांधली होती. त्याने झरोक्यात डोकावूनही पाहिलं नाही.

"बाई साहब, धँसा-वँसा कुछ नहीं है. वो तो हमने ही भरी है."

"तुमने? किसने कहा भरने को?"

"बड़े बाबू ने. दीवार की नींव खोदी तो नीचे सुरंग निकल आई. हमने तो काम रोक दिया था. पूछा, ऊपर कमान डाल दें, हवा चलती रहेगी? आधे दिन का काम है. बोले, नहीं, पत्थर-चूने से पक्की भर दो." रामसनेहीने गोविंदकडे बोट केलं. "छोटे बाबू भी तो वहीं खड़े थे."

गोविंद पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला.

बडे बाबू म्हणजे गोविंदचा थोरला भाऊ, रमाकांत. संस्थान गेलं, मध्यभारत आला. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला. राजधानी भोपाळला गेली आणि सचिवालयातले कागद आणि माणसं ट्रकात भरून तिकडे रवाना झाली, त्यांत रमाकांतही गेला. गोविंदही सरकारी नोकरीतच, पण बदलीच्या यादीत त्याचं नाव मागे राहिलं. जाताना रमाकांत मोठ्या मनाने म्हणाला होता, राज्यांची वाटणी होऊन राहिली आहे, आपलीही गोडीत होऊन जाऊ दे. होळीला तो आला आणि अंगणात सुतळी ताणून अगदी काटेकोर निम्मे-निम्मे करून गेला. विहिरीकडची बाजू त्याची, खाटेकडची बाजू गोविंदची. बाप ओघानेच गोविंदकडे आला. नळाचं पाणी घरात येत होतं, त्यामुळे विहिरीवाचून कुणाचं काही अडणार नव्हतं. शहाण्या माणसांनी जमिनीवरचं सगळं मोजलं. जमिनीखाली काय आहे ते मोजायला त्यांच्याकडे सुतळी नव्हती.

सुतळी ताणली त्या दिवशी सदाशिवराव खाटेवरून डाव्या हातातली काठी जमिनीवर आपटत होते. पुन्हा पुन्हा, त्याच एका जागी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शरयूने भांडं आणलं, पाणी आणलं, पाठीला उशी दिली. त्यांनी सगळं झिडकारलं. रमाकांतने तेव्हा उपरण्याने डोळे टिपले होते. "बाबांना वाईट वाटून राहिलं आहे," तो म्हणाला होता. "साहजिक आहे. घर तुटतं तेव्हा कुणाला वाटत नाही?"

घर तुटण्याचं दुःख! शरयूच्या आता लक्षात आलं आणि तिच्या अंगाचा भडका उडाला. म्हातारा ओरडून सांगत होता, खाली बघा रे, खाली बघा. आणि यांनी त्याच्या काठीला रडणं समजून स्वतःचेच डोळे पुसले.

रामसनेही गेला. तिने दार लावून घेतलं.

"तुम्ही तिथं उभे होतात."

"होतो."

"आणि बोलला नाहीत."

"दादा म्हणाला, उद्या मकान विकायचं झालं तर खालून भुयार असलेलं मकान कोण घेईल? हिस्से साफ पाहिजेत. एका हिशेबानं बरोबरच आहे ना."

"कोणत्या हिशेबानं? सांगा ना, कोणत्या? मामंजींच्या पाठीला आत्ताच फोड येऊन राहिले आहेत. अजून अख्खा जेठ महिना जायचा आहे!"

"वाळ्याचे खस-पडदे लावू. आणि हे बघ, दादाने भोपाळला माझ्यासाठी बात चालवली आहे. अशा वक्ती त्याला नाराज करणं म्हणजे..."

"म्हणजे बापाचा वारा देऊन खुर्ची घेतलीत."

"खुर्ची अजून मिळाली कुठं?" गोविंद कळवळून म्हणाला.

शरयूला हसावं की याच्या डोक्यात तांब्या घालावा, कळेना. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते हेच. नऊ वर्षं या माणसाला ती गरीब गाय समजत आली होती. भांडत नाही, आवाज चढवत नाही, चांगला आहे, असं माहेरी सांगत आली होती. न बोलणाऱ्या माणसाच्या हातून केवढं वाईट होऊ शकतं ते तिला आज दिसलं.

रामसनेहीने भिंतीला हात लावायला नकार दिला. हिस्सेदारी का मामला है, बड़े बाबू से कहलवा दो. गोविंदने भोपाळला पत्र लिहून विचारलं. रजा मिळाली की येऊन बघतो, असं रमाकांतचं उत्तर आलं. शेजारच्या हिश्श्याला कुलूप, किल्ली भोपाळात, आणि इकडे मे महिना माजलेला. खसच्या पडद्यावर पाणी मारून मारून शरयूचे हात सोलले. खोली गार होईना, नुसती दमट व्हायची, आणि दमटपणाने म्हाताऱ्याच्या पाठीचे फोड चिघळायचे. ती त्यांची कूस बदलायची तेव्हा ते दात आवळून घ्यायचे. तक्रार करायलाही वाचा नव्हती. त्यांचे डोळे मात्र त्या लोंबणाऱ्या चिंधीवरून हलत नसत.

एका दुपारी गोविंद कचेरीत गेल्यावर तिने बाहेरच्या दाराला कडी घातली. न्हाणीघरामागे पडलेली पहार आणली. पदर खोचला.

"मामंजी, मी आत जाते आहे," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर सूनबाई घरात नाही म्हणून सांगा."

आपण कुणाला काय सांगतोय ते तिच्या मागाहून ध्यानात आलं. पण सदाशिवरावांच्या तोंडाची डावी बाजू हसली होती.

मेणबत्ती पेटवून ती झरोक्यातून आत शिरली आणि गुडघ्यांवर पुढे सरकू लागली. चार हात गेली आणि अंगावर काटा आला. आत गार होतं. वारा नव्हता, पण विटा गार, खालची माती गार. वर गाव करपत होतं आणि इथे जमिनीने आपला शब्द पाळला होता. मग तिला आणखीच संताप आला. गारवा कुठे गेलाच नव्हता. माणसांनी त्याला इथे कोंडून ठेवलं होतं.

पुढे रामसनेहीची भर लागली. ओलाव्यात चुना अजून धरलाच नव्हता, बोटाने उकरला तरी भुगा पडत होता. तिने पहार घातली. रमाकांतच्या त्या डोळे टिपण्याला एक घाव, गोविंदच्या 'बरोबरच आहे ना'ला एक. पुढचे घाव कुणाचे ते तिलाही माहीत नव्हतं. बहुधा स्वतःचेच होते. नऊ वर्षं पुरुषमाणसं बोलत असताना ती भांडी उचलून स्वयंपाकघरात जात आली होती, आणि सुतळी ताणली त्या दिवशीही गेली होती. हात भरून आले. एक नख उखडलं. ती मोठ्याने शिव्या देत होती, साताऱ्याच्या, लहानपणी गड्यांच्या तोंडून ऐकलेल्या. त्या अजून आठवतात याचंच तिला नवल वाटलं.

एक दगड हलला आणि पलीकडे पडला. शेवाळाचा वास आला. मेणबत्तीची ज्योत आडवी झाली आणि विझली.

अंधारात आणखी दोन दगड काढून ती उलटी सरकत बाहेर आली. केसांत चुना, हातांना रक्त, लुगडं गुडघ्यांवर फाटलेलं. चौकटीवरची चिंधी फडफडत होती. सदाशिवरावांनी डोळे मिटले होते आणि त्यांच्या कपाळावरचे पांढरे केस हलत होते.

मग त्यांनी डोळे उघडले. डावा हात कष्टाने उचलला आणि झरोक्यापुढच्या जमिनीकडे केला. तिला कळेना. त्यांनी पुन्हा दाखवलं. हात खाली जाईना.

पहिला वारा सुनेचा.

शरयू तशीच मातीने माखलेली तिथे बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

संध्याकाळी गोविंदने भिंतीवर गेलेला बारीक तडा पाहिला, बायकोचे हात पाहिले आणि तिच्या बोटांना हळद लावली. "दादा विचारील तर?" एवढंच म्हणाला. "विचारू दे," ती म्हणाली.

सदाशिवरावांच्या पाठीचे फोड सुकले. मृग लागायच्या आधी एका पहाटे ते झोपेतच गेले. कोरड्या, थंड अंगाने गेले. शेवटची आंघोळ शेजारच्या पुरुषांनी घातली.

आता मात्र रमाकांतला रजा मिळाली. तो आला, रडला, दिवसवार केले. तेराव्याला लोक जेवून गेल्यावर घामाघूम होऊन मागच्या खोलीत आला. खाट रिकामी होती. तिच्यापुढे, नेमका झरोक्याच्या तोंडाशी, त्याने पाट ओढला, सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या आणि छाती पुढे करून बसला.

"वाहवा!" तो म्हणाला. "बाबांनी काय चीज बनवून ठेवली आहे! भोपाळच्या क्वार्टरात पंखा आहे, पण ही बात नाही."

शरयू पाण्याचा तांब्या घेऊन दारात थबकली. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. तो ढोंग करत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं. होळीला भिंतीपाशी उभं राहून आपण काय सांगितलं, ते भोपाळच्या गाडीत बसण्याआधीच तो विसरून गेला असणार, आणि गोविंदचं पत्र उत्तर धाडताच.

"हां, गोविंदा," डोळे मिटून रमाकांत म्हणाला, "तुझं ते काम यंदा मुश्किल दिसतंय. जागाच नाहीत. पुढं बघू."

तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हे. गोविंद भिंतीला टेकून बसला होता. त्याने मान खाली घातली.

शरयूने तांब्या खाली ठेवला. ती झरोक्यापाशी गेली, झडप लावली आणि खिट्टी सरकवली.

"अगं, राहू दे ना उघडी," रमाकांतने डोळे उघडले. "किती गरमी आहे."

"वाटणी झाली आहे, भाऊजी. झरोका आमच्या हिश्श्यात आहे आणि विहीर तुमच्या. गारवा पाहिजे तर विहिरीपाशी जाऊन बसा. किल्ली तुमच्याकडंच आहे."

रमाकांत ताडकन उठला. त्याने गोविंदकडे पाहिलं. आता धाकटा भाऊ बायकोला गप्प करणार, याची त्याला खात्री असावी. गोविंद काही बोलला नाही. जन्मभर तो बोलला नव्हता. पण या खेपेला त्याचं न बोलणं शरयूला चाललं.

"बाबा असते तर हे चाललं नसतं," रमाकांत म्हणाला, आणि उपरण्याने वारा घेत उन्हात अंगणात गेला. मागोमाग गोविंदही उठला आणि पंक्तीच्या पत्रावळी गोळा करायला लागला.

शरयूने खिट्टी काढली. झडप उघडली. चिंधी हलली, मग आडवी झाली. पाट झरोक्यापुढेच पडला होता. समोरच्या रिकाम्या खाटेकडे तिने थोडा वेळ पाहिलं. या वेळी बस म्हणायला कुणी नव्हतं. ती आपली आपण बसली.