मोगऱ्याचा दिवा

कोंडाबाई लग्न होऊन लातूरला आली तेव्हा नवऱ्याच्या घरात तिच्याआधी एक मोगरा येऊन बसलेला होता.

भूकंपाला तेव्हा दीडेक वर्ष झालं होतं. नरसिंग किल्लारीच्या बाजूच्या गावचा. त्या रात्री तो वायरिंगच्या कामाला उमरग्याला गेला होता म्हणून वाचला. घर गेलं, आई गेली, आणि लग्नाला वर्षही न झालेली बायको गेली. तिचं नाव पारू. दगडमातीच्या ढिगाऱ्याच्या कडेला तिनं लावलेला मोगरा तेवढा उभा राहिला होता. तो मुळासकट काढून, ओल्या पोत्यात गुंडाळून नरसिंगनं लातूरला आणला आणि सिमेंटच्या कुंडीत लावला. पारूचा फोटो एकही उरला नाही. त्यामुळे कोंडाबाईच्या मनात तिचा चेहरा हवा तसा सुंदर होत गेला. मोगऱ्याला फुलं आली की तो जास्तच सुंदर व्हायचा.

नरसिंग कधी पारूचं नाव काढत नसे. चांगला माणूस होता. एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन, दारूचा थेंब नाही, आवाज चढवणं नाही. पण सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो मोगऱ्यापाशी उभा राही आणि कोंडाबाई स्वयंपाकघरातून त्याची पाठ बघत राही. आपण केलेला चहा हा माणूस तिच्याजवळ जाऊन पितो, असं तिला रोज वाटे. हे कुणाला सांगणार? जिवंत सवत असती तर गल्लीनं आपली बाजू घेतली असती. मेलेल्या बाईवर जळते म्हटल्यावर लोक हसले असते.

आणि पाणी? पाणी कोण घालत होतं इतकी वर्षं? दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात, भांडी विसळलेलं गढूळ पाणी मडक्यात साठवून कोंडाबाईनंच ते झाड जगवलं होतं. नरसिंगला ते कळलंसुद्धा नाही. झाड हिरवं राहिलं, एवढंच त्यानं बघितलं.

पुढं त्यांचा सगळा भागच क्लासवाल्यांचा झाला. बाहेरगावची पोरं झुंडीनं येऊ लागली, प्रत्येक घराला वरचा मजला फुटला, भिंतीभिंतीवर डॉक्टर होणाऱ्यांचे फोटो लागले. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर त्याचे मालक वीरभद्रअप्पांनी मुलींसाठी पाच मजली होस्टेल उठवलं. एकेक स्लॅब पडत गेला तसं कोंडाबाईच्या अंगणातलं ऊन आटत गेलं. यांच्या घरावर अजून पत्रेच, गच्ची नाही, कुंडी न्यायची कुठं? मोगऱ्याची पानं पिवळी पडली, नव्या फांद्या बारीक, सुतासारख्या फुटू लागल्या.

नरसिंग नुकताच रिटायर झाला होता. तो अस्वस्थ झाला. एक दिवस गंजगोलाई बाजारातल्या नासिरभाईच्या इलेक्ट्रिक दुकानात जाऊन बसला आणि पिशवीभर सामान घेऊन आला. अॅल्युमिनियमची जाड पट्टी, टिकलीएवढ्या लाल-निळ्या एलईडी, करंट आवरणारा एक ड्रायव्हर, आणि पट्टी थंड ठेवायला जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा.

"हे काय करायलात?" कोंडाबाईनं विचारलं.

"दिवा. झाडाला उन्हाच्या जागी."

तो तीन-चार दिवस त्यातच होता. एलईडी पट्टीवर पांढऱ्या पेस्टनं चिकटवायच्या, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडत जायचा, एक जरी उलटी बसली तरी सगळी माळ आंधळी. लाल जास्त, निळ्या कमी. चष्मा नाकावर घसरलेला, तोंडात वायरचा तुकडा, कपाळावर घाम. कोंडाबाईनं त्याला इतकं रंगून काम करताना पूर्वी एकदाच बघितलं होतं, पोरीसाठी पाळणा केला तेव्हा. स्वयंपाकघरातली ट्यूब चार महिन्यांपासून लुकलुकत होती. तिच्याकडं बघायला या माणसाला वेळ झाला नव्हता.

पावसात वायर भिजायला नको म्हणून कुंडीच घरात आली. बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी. वर आढ्याच्या हुकाला साखळीनं दिवा टांगला आणि नरसिंगनं बटण दाबलं. खोली जांभळ्या-गुलाबी उजेडानं भरून गेली. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती, कोंडाबाईचे हात, सगळं त्या रंगात बुडालं. मोगरा मात्र त्या उजेडात नवरीसारखा दिसत होता. कोंडाबाई उठून आत गेली.

होस्टेलच्या पोरी खिडकीतला रंग बघून चौकशीला आल्या. नरसिंगनं त्यांना हौसेनं सगळं समजावलं. "दिवा झाडापासून हातभर वर पाहिजे बघा. लई जवळ आला की पानं भाजतात."

"काका, काकूंसाठी केलंत व्हय?" एका पोरीनं हसत विचारलं.

"न्हाई गं, झाडासाठी," नरसिंग सरळपणे म्हणाला. मग पानावर बोट फिरवत, "जुनं झाड हाय. माझ्या पहिल्या मंडळीनं लावलेलं. मूळ तिच्या माहेरचं, औशाच्या पुढं वाडी हाय तिथलं. आजून आसंल तिथं."

कोंडाबाई आत पीठ मळत होती. तेवीस वर्षांत हे तिनं पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही शेजारच्या पोरींना सांगताना. तिला कधी सांगितलं नव्हतं. तिचे हात पिठातच थांबले.

महिन्याभरात मोगऱ्याला पोपटी पालवी आली. नरसिंग पाहुण्यांना दाखवू लागला. बातम्या बघताना त्याची नजर टीव्हीवरून घसरून शेजारी जाई. आता ती बाई अंगणात नव्हती, घरात आली होती. ती कोंडाबाईच्या खोलीत बसली होती, हिच्या विजेवर जगत होती आणि दिवसेंदिवस तरुण होत होती. कोंडाबाईचे गुडघे दुखत होते, केस पांढरे होत होते. पारू अठरा वर्षांचीच राहणार होती.

तेवढ्यात नांदेडहून धम्मप्रियाचा फोन आला. ही त्यांची एकुलती लेक, तिथं सरकारी दवाखान्यात नर्स. नवीन घर घेतलं होतं, वायरिंग बाबांनीच करावं असा तिचा हट्ट. नरसिंग निघाला. निघताना म्हणाला, "झाडाकडं बघशील ना?"

हिच्याकडं बघशील ना, असं आपल्याबद्दल कुणाला सांगून गेला होता का हा कधी? त्या प्रश्नानंच घात केला. बस सुटून गेली असेल असं वाटल्यावर कोंडाबाई स्टुलावर चढली आणि साखळी सैल करून दिवा खाली आणला, पानांना टेकेपर्यंत. पाणी घातलं नाही. रोज बाहेरच्या खोलीचं दार लोटून घेई आणि आतल्या खोलीत बसून राही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पानं कडेनं पांढरी झाली, मग तपकिरी, मग हात लावताच गळू लागली. तिला वाटलं होतं, हलकं वाटेल. नरसिंग यायच्या दिवशी तिनं साखळी पुन्हा वर बांधली, कुंडी भरून पाणी घातलं आणि भाजी निवडत बसली.

नरसिंग आला, पिशवी खाली न ठेवताच कुंडीपाशी गेला. गळलेली पानं उचलून बघितली. मग दिवा उतरवून त्यानं खोलला, ड्रायव्हर तपासला, जोडांना पुन्हा सोल्डरचे डाग दिले. हात भाजून घेतला.

"काय झालं?" कोंडाबाईनं विचारलं, कारण न विचारणं वाईट दिसलं असतं.

"माझंच चुकलं. करंट जास्त सोडला आसंल." त्याचा आवाज बारीक झाला होता. "तिकडंबी मी नव्हतो, हितंबी मी नव्हतो."

संशयाची एक रेघसुद्धा त्याच्या तोंडावर नव्हती. त्यानं ओरडावं, विचारावं, तू काय केलंस म्हणावं, मग तिनंही तेवीस वर्षांचं सगळं ओकून टाकलं असतं. पण तो स्वतःलाच दोष देत बसला होता. कोंडाबाईला ते सोसेना.

"तुमचं न्हाई चुकलं," ती म्हणाली. "मी दिवा खाली घेतला. पाणी तोडलं. मीच जाळलं ते."

नरसिंगनं वर बघितलं. "का?"

"का म्हंजी? तुमाला आजून कळंना का? रोज माझ्या हातचा चहा घेऊन तिच्याजवळ उभं ऱ्हाता. मला तिचं गाव ठाऊक न्हाई आन् शेजारच्या पोरींना ठाऊक हाय. माझी ट्यूब लुकलुकतीय आन् तिला दिवा!"

त्यानं हातातला दिवा खाली ठेवला. मग म्हणाला, "मला सांगायचंस. मी काढून टाकलं आसतं." थोड्या वेळानं स्वतःच मान हलवली. "न्हाई. काढलं नसतं."

त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. स्वयंपाकघरातली ट्यूब दुसऱ्याच दिवशी बदलून दिली, तिला वाटलं तोंडावर मारल्यासारखी. पण कुंडी हलवली नाही आणि दिवाही बंद केला नाही. वाळक्या काटक्यांवर दिवसभर तो गुलाबी उजेड पडत राहिला. कोंडाबाईला आधीपेक्षा जास्त जळल्यासारखं झालं. आता तर तो उघड उघड तिच्यासाठी झुरत होता. हिरव्या झाडाशी निदान भांडता येत होतं.

आठवड्यानं कोंडाबाई गुडघेदुखीचं औषध आणते म्हणून घरातून निघाली आणि औशाच्या गाडीत बसली. औशाला उतरून शेअर रिक्षा केली. वाडीत शिरल्यावर, भूकंपात गेलेल्या पारूचं माहेर कुठलं, असं विचारत गेली. एका म्हाताऱ्यानं बौद्धवाड्यातलं घर दाखवलं.

दारात एक चाळिशीची बाई तूर पाखडत बसली होती. पारूची धाकटी बहीण, भागीरथा. नवरा वारल्यावर माहेरीच राहिलेली.

"जय भीम. मी नरसिंगची मंडळी," कोंडाबाई म्हणाली. "लातूरहून आले."

भागीरथाच्या हातातलं सूप थांबलं. तिनं कोंडाबाईला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. बघण्यासारखं होतं ते बघणं. साडी, मंगळसूत्र, हातातल्या बांगड्या, काही सोडलं नाही.

"म्हंजी तुमी हाव व्हय त्या," ती म्हणाली. "बसा."

पाणी पिऊन झाल्यावर कोंडाबाईनं एका दमात सांगून टाकलं. मोगरा जळाला. मीच जाळला. फांदी पाहिजे.

भागीरथा रागावेल असं तिला वाटलं होतं. ती म्हणाली, "आमीबी तुमच्यावर लई जळलो बाई. दाजींनी दुसरं केलं कळलं तवा आमची आई जेवंना. म्हणायची, माझ्या लेकीच्या चुलीवर दुसरी सैपाक करणार. पुढं तुमाला लेक झाली आसं कानावर आलं. आई म्हणली, ही माझी नात आसती. तुमचं तोंड न बघताच तुमाला शिव्या द्यायची. मरेस्तोवर."

कोंडाबाईनं पाण्याचा रिकामा पेला बाजूला सरकवला. या दूरच्या घरात आपल्यावरही कुणी जळत होतं, आपल्या चुलीवर, आपल्या लेकरावर, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"ते कधी आलेच न्हाईत हिकडं?" तिनं विचारलं.

"एकडाव आले. तुमच्या लग्नाच्या आधी. म्हणले, आता येणार न्हाई, येणाऱ्या माणसाला बरं वाटायचं न्हाई. आईनं हाकलून दिलं."

"मग झाड तेवढं कशाला ठिवलं?"

"ते तुमी त्यास्नी इचारा की."

कोंडाबाई मुख्य गोष्टीवर आली. तिनं विचारलं, "दिसायला कशी होती?"

"माझ्यावानीच. दात जरा पुढं." भागीरथा हसली, आणि पुढं आलेले दात हिचेही दिसले. काळीसावळी, रुंद कपाळाची, अगदी चारचौघींसारखी बाई. कोंडाबाईला मनातून आनंद झाला. असा आनंद व्हावा याची लाजही वाटली. तिनं पदर सारखा केला.

मोगरा मागच्या बाजूला न्हाणीच्या पाण्यावर वाढला होता, छातीएवढा. भागीरथानं विळ्यानं चार-पाच फांद्या तिरप्या कापून दिल्या आणि ओल्या फडक्यात बांधल्या. वाटेपर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "लेकीला एकदा आणा, अक्का. बघीन तरी."

अक्का हा शब्द तिनं अडखळत म्हटला. इतकी वर्षं तो तिनं कुणाला लावला नसावा.

घरी आल्यावर कोंडाबाईनं फडकं नरसिंगपुढं ठेवलं. "भागीरथानं दिल्यात. लावा."

नरसिंग फांद्यांकडं बघतच राहिला. एकेक फांदी अलगद सोडवली. डोळे पुसले, माती चाळली, वाळू मिसळली आणि त्याच कुंडीत फांद्या खोचल्या. दिवा वर घ्यायला स्टुलावर चढला तेव्हा कोंडाबाईनं खालून स्टूल धरलं.

"आजून वर घ्या. कोवळ्या हायेत."

दोन फांद्या वाळल्या, तीन मूळ धरून जगल्या. एका संध्याकाळी दोघं तिथंच चहा पीत बसले असताना कोंडाबाईनं विचारलं, "तिची आठवण येती का आजून?"

नरसिंगनं कप खाली ठेवला. "चेहरा न्हाई आठवत. लई वर्षं झाली, पुसून गेला. झाड होतं म्हणून वाटायचं, आपल्याला गाव होतं, घर होतं. न्हाईतर ते सगळं खोटंच वाटतं मला." मग म्हणाला, "आवाज आठवतो तेवढा. मोठा होता. लई भांडायची."

"माझ्यापरीस?"

"तू बोलतीस कुठं," नरसिंग म्हणाला. "तू जाळतीस."

कोंडाबाईला राग आला. ती कप उचलून आत गेली आणि भांडी जरा जास्तच आपटून घासली. त्या मोठ्या आवाजाचा, मनाला येईल ते बोलून टाकणाऱ्या त्या बाईचा तिला पुन्हा हेवा वाटत होता. मग ती ओल्या हातांनीच दारात आली आणि आढ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"उद्यापासनं चहा हितं सैपाकघरात बसून प्यायचा. झाड काय पळून जात न्हाई!"

नरसिंगनं दचकून मान वर केली. मग होकार देत म्हणाला, "हाव."