गोलंदाजाचं नाव

“हॅलो, हॅलो! मंडपामागं मोटारसायकली लावणाऱ्यांनी ऐकावं. इकडं बॉल येऊन राह्यलाय, अन् बॉलला ब्रेक नसतो!”

मैदानाच्या चारी बाजूंनी हशा उठला. बद्रीनाथने माइक तोंडापासून जरासा लांब धरला आणि तो हशा पुरता संपू दिला. मगच पुढचं वाक्य. ही त्याची बावीस वर्षांची सवय होती.

आठवड्याचे सहा दिवस बद्रीनाथ अंबड-वडीगोद्री एसटीचा कंडक्टर. पण जानेवारीत कापसाची शेवटची वेचणी उरकली की वडीगोद्रीत टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा भरत, आणि त्यांचं धावतं वर्णन करायचं ते बद्रीनाथनेच. लोक सामना बघायला येत हे खरं, पण निम्मे लोक त्याला ऐकायला येत. तो खेळाडूंना नावं ठेवायचा. एकदा ठेवलं की ते नाव माणसाला चिकटलंच म्हणून समजा. दोन्ही पाय फेंगडे टाकत पळणारा ‘ट्रॅक्टर’, सासुरवाडीला राहणारा ‘पाव्हणा’, सावळी कातडी असलेला वेगवान गोलंदाज अंगद म्हणजे ‘डांबऱ्या’.

हे शेवटचं नाव अठरा वर्षांपूर्वीचं. तेव्हा हायवेचं काम चालू होतं. वीस वर्षांच्या अंगदने पहिल्याच सामन्यात पाच गडी काढले आणि बद्रीनाथ माइकवर म्हणाला होता, “हायवेवर डांबर कमी पडून राह्यलंय म्हणतात. कसं पडणार न्हाई? एक अख्खं पिंप आपल्या टीममध्ये आलंय!” लोक हसून हसून आडवे झाले होते. अंगदही हसला होता. त्या दिवसापासून तो डांबऱ्या. दूध घालायला गेला तरी डांबऱ्या, सोसायटीत खताला गेला तरी डांबऱ्या.

आज अंतिम सामना होता. वडीगोद्री विरुद्ध घनसावंगी. मंडपाच्या एका अंगाला बचत गटाच्या बायकांनी भजी-चहाचा स्टॉल लावला होता. त्यात बद्रीनाथची बायको तुळजाबाई कढईपाशी बसली होती. नाणेफेक झाली. घनसावंगीने फलंदाजी घेतली. तेवढ्यात पार्थ एक कागद घेऊन आला. हा गावातलाच पोरगा. पुण्यात कंपनीत नोकरीला होता, पण स्पर्धेसाठी सुट्टी टाकून यायचा. या वर्षी सगळी व्यवस्था त्याच्याकडे होती.

“काका, मॅच सुरू व्हायच्या आधी हे वाचायचं. तोवर दोन्ही टीम एक मिनिट एका गुडघ्यावर बसतील.”

“गुडघ्यावर? कोणाच्या पाया पडायचंय?”

“पाया न्हाई हो. सगळ्या जगात खेळाडू करून राह्यले. कातडीच्या रंगावरून कोणाला कमी लेखायचं न्हाई, म्हणून. फोटो काढू, पेपरला देऊ.”

बद्रीनाथने कागद वाचला. मजकूर त्याला आवडला. त्यात ‘मानवता’ होती, ‘बंधुभाव’ होता. असे शब्द माइकवर फार छान घुमतात, हे त्याला माहीत होतं.

बावीस खेळाडू मैदानात दोन रांगांत एका गुडघ्यावर बसले. फोटोत यावं म्हणून सरपंचही बसले. बद्रीनाथने आवाज खाली आणला, शब्द एकेक सुटा केला. “रंगावरून... कुणालाही... हीन लेखणार नाही. माणूस हा माणूस म्हणूनच ओळखला जाईल.” वाचता वाचता त्याच्याच अंगावर काटा आला. मैदान शांत झालं होतं. पुढच्या खुर्चीवर बसलेला अंगदचा म्हातारा बाप रखमाजी, ज्याला कमी ऐकू यायचं, तो तेवढा शेजाऱ्याला मोठ्याने विचारत होता, “काय सांडलं रे यांचं? सगळेच खाली बसून काय हुडकून राह्यलेत?”

मिनिट संपलं. टाळ्या पडल्या. सरपंचांना उठता येईना, तेव्हा दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. खेळाडू आपापल्या जागी गेले. नवा चेंडू अंगदच्या हातात आला.

बद्रीनाथने खुर्ची पुढे ओढली. खरा कार्यक्रम आता.

“आणि हायवेच्या टोकाकडून येतोय आपला सगळ्यांचा लाडका... डांबऱ्या! सकाळच्या उन्हानं पातळ झालाय, बॅट चिकटंल, सांभाळा!”

हशा पिकला. अंगद पळत निघाला, आणि पंचांच्या अलीकडे थांबला. मागे फिरला.

बुटाची नाडी सुटली असंल, बद्रीनाथला वाटलं. “डांबऱ्या परत निघाला...”

अंगद पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा तर तो जागचा हललाच नाही. चेंडू हातात धरून नुसता उभा.

पंच होते शिवाजी गुरुजी, शाळेतले. ते त्याच्याजवळ गेले, काहीतरी बोलले, आणि तिथून चालत मंडपात आले. बद्रीनाथने माइक टेबलावर ठेवला.

“काय झालं, गुरुजी? पाय-बिय मुरगळला काय?”

“पाय चांगलाय. तो म्हणतो, ज्याचं नाव पुकारलं त्यालाच बॉल टाकू द्या. त्याचं नाव अजून कोणी घेतलं न्हाई.”

बद्रीनाथला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. “म्हणजे मी... अवो गुरुजी, मी प्रेमानं म्हणतो! अठरा वर्षं झाली! मी त्याला मोठा केला. माझ्यामुळं पंचक्रोशीत ओळखतात त्याला. अन् आज फायनलला नखरे? त्याला म्हणावं, काळा हाय तर काळा हाय, त्यात काय...”

वाक्य पुरं व्हायच्या आत अंगद स्वतःच मंडपात आला होता. पार्थ त्याच्या मागे घाम पुसत उभा.

“बद्रीकाका,” अंगद म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता. “तुम्ही प्रेमानंच म्हणता. मला म्हाईत हाय. म्हणून तर मी अठरा वर्षं हसलो.”

“मंग आजच काय झालं?”

“माझी प्रिया सातवीत हाय. रंगानं माझ्यावर गेली. वर्गात तिला डांबरी म्हणतात. परवा मला इचारून राह्यली, बाबा, हे आपलं आडनाव हाय का? कुठून आलं? काय सांगू, काका? लाउडस्पीकरमधून आलं म्हणून सांगू?”

बद्रीनाथने मघा वाचलेला कागद घडी करून खिशात घातला.

“तरी मी काही बोलणार न्हवतो. सवय झाल्ती. पण आज तुम्हीच मला खाली बसवलं. माझा उजवा गुडघा दुखतो, बायको म्हणाली होती कामून खेळता. तरी बसलो. तुम्ही काय सुंदर वाचलं ते! मला वाटलं, खरंच असंल. उठलो, माती झटकली, अन् पयला शब्द कानावर कोणता आला? सांगा.”

बद्रीनाथच्या मग लक्षात आलं की मंडपातच नव्हे, मैदानातही कोणी बोलत नव्हतं. भज्यांच्या कढईचा आवाज तेवढा येत होता. त्याने टेबलाकडे पाहिलं. माइकवरचा लाल दिवा चालू होता. त्याचं ‘काळा हाय तर काळा हाय’, अंगदचा गुडघा, प्रियाचा प्रश्न, सगळं दोन्ही कर्ण्यांतून गावभर गेलं होतं.

आयुष्यात पहिल्यांदा बद्रीनाथला माइकची भीती वाटली.

“मंग काय म्हणू तुला?” त्याने हळू विचारलं. तेही गावाने ऐकलं.

“आईबापानं ठेवलंय की.”

एवढं बोलून अंगद परत चालू लागला. लांब उन्हात जाऊन आपल्या खुणेवर उभा राहिला. बद्रीनाथने माइक उचलला. भर पावसाळ्यात बस चिखलात रुतल्यावर पन्नास माणसांना हसवत ठेवणारा तो, आणि आज अडला कुठं? एक साधं नाव. पण जिभेला त्याची वाट ठाऊक नव्हती, ती आपल्या जुन्याच वळणावर जात होती.

तेवढ्यात स्टॉलवरून तुळजाबाईचा खणखणीत आवाज आला, “आवं, घ्या की नाव! उखाणा थोडाच घ्यायचाय!”

सगळं मैदान खदखदून हसलं. बद्रीनाथला स्वतःलाही हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर जीभ सुटली.

“गोलंदाज...” तो म्हणाला, “अंगद रखमाजी.”

पुढच्या खुर्चीवरचा म्हातारा दचकला. “मला कोणी बोलावलं?”

“तुम्हाला न्हाई, तात्या. तुमच्या पोराला.”

“पण नाव माझं घेतलं ना?”

“घेतलं.”

“कर्ण्यातून?”

“कर्ण्यातून.”

रखमाजीने डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि नीट बसवली.

अंगदने चेंडू टाकला. मधली यष्टी उडाली.

आणि बद्रीनाथ गडबडला. गडी बाद झाल्यावर म्हणायची त्याची ठरलेली वाक्यं होती, आणि सगळी डांबराची होती. आता काय बोलायचं? जे दिसतंय तेच बोलायला हवं होतं. मग तो बघू लागला. आणि बघताना त्याच्या ध्यानात आलं की अठरा वर्षं त्याने या माणसाचं वर्णन केलं, पण त्याची गोलंदाजी धड पाहिलीच नव्हती.

“अंगद निघाला... पाय बघा, मंडळी. पळतो पण वाजत न्हाई. मातीला जणू माहीतच न्हाई कोणी येऊन राह्यलंय. हात वर... अन् मनगट, मनगट बघा! शेवटच्या टायमाला वळवलं! बॅट्समन तिकडं, बॉल इकडं! बिलकुल कळला न्हाई!”

लोक पुढे सरकून बघू लागले. खरंच की, मनगट वळत होतं.

तिसऱ्या षटकात बद्रीनाथची जीभ घसरली. रंगात आला आणि “डां...” एवढं तोंडातून गेलं. पण त्याने सावरायच्या आत पोराटोरांपासून बायकांपर्यंत सगळं मैदान एका सुरात ओरडलं, “अंगद!” आणि हसलं. या हसण्यात अंगद होता, बद्रीनाथही होता. मग तर लोकांना तो खेळच झाला. बद्रीनाथ मुद्दाम थांबायचा, “आणि गोलंदाज...” आणि मैदान उत्तर द्यायचं. ‘ट्रॅक्टर’ने सीमारेषेवरून हात हलवून विचारलं, “काका, माझंही नाव हाय बरं का!” बद्रीनाथने त्याचंही नाव घेतलं. ‘पाव्हणा’ मात्र म्हणाला, मला पाव्हणाच राहू द्या, सासरे खूश होतात.

अंगदने चार गडी काढले. वडीगोद्रीने दोन चेंडू राखून सामना जिंकला. त्याला खांद्यावर घेऊन पोरं नाचली. गर्दीत मागे कोणीतरी म्हणालंच, “डांबऱ्याला लय माज आलाय आता.” बद्रीनाथने वळून पाहिलं, पण गर्दीत कळलं नाही कोण ते. आवाज कुणाचा का असेना, शब्द आपला आहे, हे त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. गुडघ्यावर बसलेले बावीस जण आणि मधोमध सरपंच. खाली सरपंचांचं नाव होतं, पार्थचं होतं. अंगद मागच्या रांगेत, नुसती टोपी दिसत होती.

मंगळवारी सकाळी अंबडची गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हर मच्छिंद्र तो पेपर नाचवत म्हणाला, “काय बद्री, गुडघ्यावर बसून काही फरक पडला का गावात?”

बद्रीनाथने जरा विचार केला. “त्याला तसं म्हणणारी दोनशे माणसं होती. आता एकशे नव्याण्णव हायेत.”

“बस्स? एकच?”

“पण कमी झाला तोच लय बडबड करायचा.”

गाडी सुटली. तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून बद्रीनाथ पुढून मागे जाऊ लागला आणि आज त्याचीच पंचाईत झाली. रोजची ती जाडी बाई चढली, तिला म्हणायचं वाक्य ओठांवर आलं, गिळलं. तिरळ्या डोळ्यांच्या मास्तरांना रोज विचारायचा प्रश्न आठवला, तोही गिळला. आपल्या चेष्टेच्या पोतडीत बहुतेक अशीच नाणी होती, हे त्याला एकेका सीटपाशी कळत गेलं. गाडी कधी नव्हे ती चिडीचूप. “कंडक्टर, तब्येत बरी न्हाई का?” मास्तरांनी विचारलं.

पुढच्या थांब्यावर अंगद चढला. सोबत प्रिया, दोन वेण्या, शाळेचा गणवेश. तिला चष्मा करायला अंबडला न्यायचं होतं. सगळी गाडी माना वळवून बघू लागली. प्रियाही बद्रीनाथच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

“अंगद,” बद्रीनाथ म्हणाला. “कुठं?”

“अंबड. एक फुल, एक हाफ.”

मशीनमधून तिकिटं निघाली. बद्रीनाथने ती फाडून दिली आणि पुढे सरकला.

“काका,” अंगदने मागून हाक मारली, “एवढं कोरडं कामून? दोन दिवसांत सरकारी माणूस झालात की. चेष्टा करा ना. ती एक सोडून काय बी करा.”

गाडीत हशा झाला. बद्रीनाथ वळला. सगळे वाट बघत होते. त्याने डोकं खाजवलं, छताकडे पाहिलं, तोंड उघडलं. काहीच सुचेना.

“थांब रे, जरा टाइम दे,” तो म्हणाला. “नवी करावी लागंल.”

“करा सावकाश,” अंगद म्हणाला आणि पोरीला खिडकीशी जागा करून दिली.

अंबड आलं. बापलेक उतरले आणि बाजाराच्या गर्दीत दिसेनासे झाले. गाडी रिकामी झाली, फिरली, पुन्हा भरली आणि परतीला लागली. दोन थांबे गेले. मागच्या दाराशी उभ्या बद्रीनाथला अचानक अंगदच्या दुखऱ्या गुडघ्यावरून आणि सरपंचांवरून अशी काही झकास चेष्टा सुचली की घंटीची दोरी धरून तो एकटाच खो-खो हसत सुटला. गाडीतले लोक वळून बघू लागले. ज्याला सांगायची तो तर अंबडला राहिला होता. बद्रीनाथने डोळे पुसले, ती चेष्टा विसरू नये म्हणून एका तिकिटाच्या पाठीवर लिहिली आणि वरच्या खिशात घालून बटण लावलं.