पिशवीत कोंडलेली फळी

मित्रांनो, तुमच्या स्वयंपाकघरात माझी कुणी बहीण पिशवीत बांधलेली असेल, तर आधी तिला बाहेर काढा. मग माझी कहाणी वाचा. मी भाजी चिरायची लाकडी फळी आहे.

निफाडजवळच्या एका बांधावरची बाभळ पडली आणि अकबर सुताराने तिच्यातून मला घडवले. बैलगाडीच्या चाकाला चालते तेच हे लाकूड, म्हणून माझा थोडा तोराही होता. कुसाबाईंनी मला शहरात, इंदिरानगरला राहणाऱ्या सुनेसाठी, निकितासाठी, करवून घेतले होते. देताना त्या एवढेच म्हणाल्या, "बाभळीची हाय. जपून ठेव."

निकिताने ते अगदी मनावर घेतले. पहिल्याच दिवशी माझ्यावर कांदे चिरले, मला धुतले आणि ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर घट्ट गाठ मारली. मग सिंकखालच्या कपाटात ठेवून दिले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात; माझ्या वाट्याला एकच आला.

तिथे वारा नाही, ऊन नाही. माझ्याच अंगातले पाणी पिशवीला आतून घामासारखे सुटे आणि पुन्हा माझ्यावरच ठिबके. वर ओट्यावर प्लास्टिकची एक पातळ फळी टकटक करत मिरवत होती. सुरीचा आवाज आला की वाटे, आज तरी गाठ सुटेल. कपाट उघडे, भांड्यांचा साबण बाहेर जाई आणि दार पुन्हा लागे. माझ्यावर बुरशीचे काळे डाग चढले, एक कड तडकली. मला ओरडता येत नव्हते. मी फार घाबरले होते.

द्राक्षांची तोडणी उरकल्यावर कुसाबाई आल्या. भाजी निवडताना त्यांनी विचारले, "माझी फळी कुठंय गं?"

निकिताने कौतुकाने गाठ सोडली. कुबट वास आला आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, मी तर हिला परत हातसुद्धा लावला नाही. आता टाकूनच द्यावी लागेल का?"

माझा जीव त्या उत्तरात अडकला. कुसाबाईंनी अंगठ्याने माझी कड दाबून पाहिली.

"नाय गं. लाकूड आजून कडक हाय. चूक माझीच. ठेव म्हणले, वापर म्हणायला पायजे होतं."

त्यांनी मला मीठ-लिंबाने घासले, खिडकीत सावलीला उभे केले आणि पुरती वाळल्यावर अंगभर खोबरेल चोळले. डाग गेले. कडेची चीर मात्र राहिली.

आता निकिता रोज माझ्यावर भाजी चिरते. काम झाले की लगेच धुते, पुसते आणि वाऱ्याला उभी करते. त्या पिशवीत कांद्याची सालं भरून तिने ती कधीच घंटागाडीत टाकली.

मित्रांनो, मला पाण्यात भिजत ठेवू नका, ओली कोंडू नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. सुरीचे घाव मी आनंदाने सोसेन. तसे जपणे मात्र पुन्हा सोसवणार नाही.