हापशाची हरकत

बनाबाईच्या दारापुढं हापसा होता, म्हणून बनाबाईला गाव होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. पोरगा शिवहार पुण्याला कंपनीत लागला, तो तिकडचाच झाला. शेळ्याही पुसेगावच्या बाजारात विकून टाकल्या. उरला हापसा. सकाळपासून बाया यायच्या, पाच मिनिटं घागर भरायला आणि अर्धा तास बोलायला. सुमनबाई तर घागर भरल्यावरही ओट्यावर फतकल मारून बसायची. "बने, सरक गं तिकडं," म्हणत बनाबाईला तिच्याच ओट्यावरून ढकलायची. घरोघर नळ आले तरी बाया येतच राहिल्या. नळापाशी बोलायला कोण असतं?

मग ग्रामपंचायतीला सुधारणेची उबळ आली. गावाच्या मोबाइल ग्रुपवर नोटीस पडली: 'हापशाजवळ गर्दी व चिखल होऊन लगतच्या घरास त्रास होत असल्याने हापसा काढण्याचे योजिले आहे. हरकती ऑनलाइन नोंदवाव्यात. ग्रामसभेत वाचून दाखवल्या जातील.' लगतचं घर एकच, बनाबाईचं. त्रास होतो का, हे तिला कुणीही विचारलं नव्हतं. काळजी मात्र परस्पर करून मोकळे!

बनाबाईनं नोटीस दोनदा वाचली. हापसा गेला तर दिवसभर बोलायचं कुणाशी? भिंतीशी? पण 'मला एकटीला करमत नाही' असं सरकारला कसं कळवणार? तिला लाज वाटली. विचार करता करता तिला तोड सुचली. ज्या घराच्या त्रासापायी हापसा काढताहेत, त्या घरानंच त्रास नाही म्हटलं की मिटलं!

तिनं लिंक उघडली. 'हरकत: आहे / नाही.' तिनं 'नाही'वर बोट ठेवलं. खाली अभिप्रायाची चौकट होती. टाइप करणं जमेना, तेव्हा माइकचं चिन्ह दाबून ती बोलली, "दिवसभर बाया येत्यात. कल्ला करत्यात. चिखल व्हतो. माही काई हरकत न्हाई." फोननं जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि धन्यवादही दिले. बनाबाई त्या दिवशी खुशीत होती.

ग्रामसभा शाळेच्या मैदानात भरली. ग्रामसेवक रामप्रसाद कौतुकानं म्हणाला, "आपल्या गावातून पहिल्यांदाच ऑनलाइन अभिप्राय आलाय. तोही बनाबाई मावशींचा!" आणि त्यानं वाचलं, "दिवसभर बाया येत्यात. कल्ला करत्यात. चिखल व्हतो."

बायांच्या माना एकदम वळल्या.

"हापसा काढायला मावशींची हरकत नाही. टाळ्या वाजवा!"

बनाबाई धडपडत उठली. "आवं, तसं न्हाई! मी म्हनलं, येऊ द्या त्यायला..." टाळ्यांत तिचं बोलणं कुणाला ऐकूच गेलं नाही. "तुमचं नोंदवलंय मावशी, बसा," रामप्रसाद म्हणाला आणि गटाराच्या विषयाकडं वळला.

दुसऱ्या दिवसापासून एकही बाई आली नाही. हापसा चार दिवस नुसता उभा होता. मग ट्रॅक्टर आला आणि त्याला पाइपासकट उपसून घेऊन गेला.

संध्याकाळी बनाबाई सुमनबाईकडं गेली. सुमनबाई अंगणात तूर पाखडत होती. जवळ दोघीजणी बसून हसत होत्या, तिला बघून त्यांनी हसणं आवरतं घेतलं.

"सुमे, तुमचं गाऱ्हाणं न्हाई गं सांगितलं मी," बनाबाई उभ्या उभ्याच म्हणाली. "तुमी येत ऱ्हावं म्हनून सांगितलं व्हतं. घर खायला उठतं मला. तुमच्याबिगर हाय कोन माझं?" फोनपुढं बोलायची लाज वाटली होती, ते सगळं ती तिघींपुढं बोलून गेली. बोलता बोलता रडूही आलं.

सुमनबाईनं सगळं ऐकून घेतलं. ती भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बनाबाईला बरं वाटलं असतं. पण ती उठली, घरातून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली आणि पदरानं पुसली.

"बसा बनाबाई," ती म्हणाली. "खाली नका बसू. तुमाला तकलीफ व्हईन."