मढच्या थांब्यावरचा निधनाचा फळा

मित्रांनो, मी मढच्या एसटी थांब्यावरचा जुना फळा हाय. मला बघून कुणाला आनंद झाल्याचं मला तरी आठवत न्हाई.

जुन्नरच्या सत्तार पेंटरनं १९९१ साली पत्र्याला काळा रंग मारून मला बनवलं. वर पांढऱ्या अक्षरात 'सूचना' लिहिलं. सूचना कसली? गावात कोण गेलं आन् दशक्रिया कवा, एवढंच माझ्यावर यायचं. बाया माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावायच्या. पोरं माझ्या सावलीला बी बसायची न्हाईत. कल्याणची गाडी घाट चढून आली, की उतरणारा पयला माझ्याकडंच बघायचा. नाव ओळखीचं नसलं, की सुटल्यासारखा झपाझप निघून जायचा. मला लई राग यायचा. मी काय कुणाला मारलं व्हतं?

माझ्यावर लिहायचं काम हौशीरामचं. एसटीतनं रिटायर झालेला कंडक्टर. घरात एकटा. बायको गेली तवा तिचं नाव बी त्यानंच लिहिलं. सख्खा भाऊ चिमाजी कल्याणला हमाली करायचा, तो तवाबी आला न्हाई. भाताच्या खाचराचा एक बांध, तो हातभर सरकला का न्हाई सरकला, यावरनं सात वर्सं बोलणं बंद. चिमाजी दिवाळीला यायचा, पण सासऱ्याच्या घरी उतरायचा. थांब्यावर हौशीराम दिसला की मान फिरवायचा. तरी दर दिवाळीला हौशीराम गाडीच्या टायमाला खडू घेऊन माझ्यापाशी यायचा. लिहायला काय नसलं तरी. भावानं एकदा 'दादा' म्हणावं, बाकी त्याला काय नको व्हतं.

१९९८ च्या ऑक्टोबरात गावात कुणी गेलं न्हाई. मी कोरा. हौशीरामला करमंना. त्यानं पेपर उघडला आन् माझ्यावर लिहिलं, 'नोबेल पुरस्कार'. साहित्याचं पोर्तुगालच्या लेखकाला. मग रोज पेपर आला की एकेक. औषधाचं तीन शास्त्रज्ञांना, रक्ताच्या नळ्या सैल कशा पडत्यात ते शोधलं म्हणून. एक तर आपल्या देशाच्या माणसाला, अर्थशास्त्राचं.

भाजीवाली झुंबरबाई आली, नावं बघितली आन् हात जोडले.

"कवा गेले ओ सगळे? अपघात का?"

"गेले न्हाईत, झुंबरबाई. बक्षीस मिळालंय त्यांना."

"जित्या माणसाचं नाव फळ्यावर? वंगाळ हाय बाबा!"

समोरचा हॉटेलवाला कुंडलिक हसाय लागला. "हौशीरामभाऊ, दशक्रिया कवा ते बी टाका की! आन् खाली सही करा राव. जो तो मलाच इचारतोय, कोण गेलं, कुणी लिवलं. च्या उतू जातोय माझा."

मित्रांनो, माझ्यापुढं कुणी हसलेलं मी पयल्यांदाच ऐकलं.

दिवाळीच्या तोंडावरचा शनिवार. पेपरात शांततेचं बक्षीस आलं. हौशीरामनं लिहिलं, 'उत्तर आयर्लंड. भांडणाऱ्या दोन बाजूंचे दोन पुढारी. दोघांना मिळून.' कुंडलिक म्हणला व्हता म्हणून खाली सही केली. चांगली मोठी, 'हौशीराम'. आन् हात धुवायला हॉटेलात गेला.

तेवढ्यात कल्याणची गाडी आली. चिमाजी उतरला. दुसरीत शाळा सुटलेली, सावकाश नावं तेवढी वाचता यायची. त्यानं वरचं काय वाचलंच न्हाई. खालचं वाचलं.

पिशवी हातातनं सुटली. तो मातीतच बसला. "दादा! आरं दादा, मी येईस्तवर थांबायचं तरी रं!"

हौशीराम वल्या हातानं पळत आला. "काय झालं? कोण गेलं?"

चिमाजीनं वर बघितलं. मग उठला आन् त्याची कॉलरच धरली. "मुडद्या! जितेपणी नाव टाकतो व्हय!"

"बक्षिसाची बातमी हाय रं."

"तुला बक्षीस?"

"मला कोण देतंय? ह्या दोघांना." हौशीरामनं वाचून दाखवलं.

चिमाजीनं बाहीला नाक पुसलं. "त्यांच्यात बी बांधच व्हता का?"

"व्हता. लई मोठा."

"मग सरकलं कोण?"

"दोघं बी. थोडं थोडं."

"मी न्हाई सरकणार."

"नको सरकू. च्या घेतो का?"

चिमाजीनं कपड्याची माती झटकली. पिशवी हौशीरामनं उचलली, ती चिमाजीनं हिसकावली न्हाई.

त्यानंतर दर ऑक्टोबरात हौशीराम लिहीत राह्यला. चिमाजी दिवाळीला त्याच्याच घरी उतरायचा. माझं काम मातर हळूहळू सुटत गेलं. मोबाइल आले, फ्लेक्स आले. २००७ ला हौशीराम गेला, तवा आळेफाट्यावरनं त्याचा रंगीत फ्लेक्स आला आन् माझ्या तोंडावरच बांधला. चिमाजी त्याच्यापुढं उभा व्हता. मी मागं व्हतो, अंधारात. मला त्याचं रडणं तेवढं ऐकू आलं.

आता मी गंजलोय. माझ्यावर क्लासच्या जाहिराती चिकटवत्यात. वर्सानुवर्सं खडू लागला न्हाई.

मित्रांनो, जमलं तर माझा गंज खरवडा. खडू नसंल तर विटकरीचा तुकडा बी चालंल. कुणीतरी कुठंतरी चांगलं काम केलंय, त्याचं नाव लिहा, तो जिता हाय तवर. आन् तुमचं कुणाशी बोलणं बंद असंल, तर गाडीतनं उतरून माझ्याकडं बघत थांबू नका. सरळ त्याच्या दारात जा. मी राहीन एकटा.